चिंतामणराव देशमुख

महाडहून रायगडाकडे निघालेला वाटसरू गांधारी नदीच्या खोऱ्यातून, भातखाचरांच्या कडेकडेने जाऊ लागला, की त्याला नाते हे गाव लागते. नात्याच्या पुढे पाचाड आणि पाचाडच्या माथ्यावर शिवछत्रपतींचा रायगड. महाडच्या दुसऱ्या अंगाला सावित्रीच्या काठाने वर गेले, तर पोलादपूर येते आणि तेथून आंबेनळीचा घाट महाबळेश्वराकडे चढू लागतो. चोहोकडे सह्याद्रीचे कडे, पावसाळ्यात दुथडी भरून वाहणाऱ्या नद्या आणि डोंगरउतारावर वसलेल्या लहान लहान वाड्या, असा हा मुलूख आहे. या मुलखातील नाते गावी १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला. वडील द्वारकानाथपंत वकिली करीत. आईचे नाव भागीरथीबाई. घराणे मूळचे रोह्याचे असल्यामुळे चिंतामणरावांचे बाळपण बहुतेक रोह्यासच गेले.

ते वर्ष मोठे कठीण होते. चिंतामण आठ महिन्यांचा झाला नसेल, तोच मुंबईत प्लेगाची साथ सुरू झाली. घरे ओस पडली, लोक मुंबई सोडून आपापल्या गावी पळू लागले आणि त्यांच्याबरोबर भयही गावोगाव पोहोचले. देवी, पटकी आणि हिवताप हे रोग तर घरोघरी ठाऊक असलेले. पाळण्यातले मूल चालू लागेल की नाही, याची खात्री कोणत्याच आईला देता येत नसे. त्या दशकातील खानेसुमारीवरून विद्वानांनी जो हिशेब केला, त्यात भारतातील माणसाचे सरासरी आयुर्मान अवघे चोवीस वर्षांच्या आसपास भरले.

हा आकडा वाचून एखाद्यास वाटेल, की त्या काळी माणसे चोविसाव्या वर्षी मरत असत. तसे मुळीच नव्हते. समजा, एका घरात दोन भावंडे जन्मली. एक जन्मताच दगावले आणि दुसरे साठ वर्षे जगले. दोघांची सरासरी तीस वर्षे येते. पण तिसाव्या वर्षी त्या घरात कोणीच मेले नाही. चोवीस वर्षांच्या त्या सरासरीत असंख्य तान्ह्या बाळांचे मृत्यू दडलेले होते. जी मुले पहिली चार-पाच वर्षे तरून गेली, त्यांच्यापुढे पुष्कळ मोठे आयुष्य पसरलेले असे. तेव्हा सरासरी किती, एवढे विचारून भागत नाही. आज अमुक वयाचा असलेला मनुष्य आणखी अमुक वर्षे जगण्याचा संभव किती, असे विचारावे लागते. चिंतामणरावांच्या हातून पुढे जे एक मोठे राष्ट्रकार्य घडले, त्याचा पाया याच प्रश्नात आहे. म्हणून प्रथम तो नीट समजून घेतला पाहिजे.

या प्रश्नाचा हिशेब शास्त्रशुद्ध रीतीने मांडणारा पहिला मोठा पुरुष म्हणजे इंग्लंडमधील ज्योतिर्विद एडमंड हॅले. ज्या धूमकेतूला त्याचे नाव मिळाले आहे, तो सर्वांच्या परिचयाचा आहे. ब्रेस्लाऊ नावाच्या शहरात, म्हणजे आज पोलंड देशात असलेल्या व्रोत्स्वाफ येथे, कास्पर नॉयमान नावाच्या धर्मोपदेशकाने जन्ममृत्यूंची नोंद काळजीपूर्वक जमविली होती. १६८७ ते १६९१ या पाच वर्षांची ती टिपणे हॅलेच्या हाती आली. त्या शहरात दरवर्षी सरासरी १२३८ मुले जन्मत आणि त्यांपैकी ३४८ मुले वर्षाची होण्यापूर्वीच मरत, असे त्याला आढळले. या सामग्रीवरून १६९३ साली त्याने एक कोष्टक तयार केले. एक वर्षाची १००० मुले आहेत असे धरले, तर दहाव्या वर्षी त्यांतील ६६१ उरतात. विसाव्या वर्षी ५९८, चाळिसाव्या वर्षी ४४५, पन्नासाव्या वर्षी ३४६, साठाव्या वर्षी २४२, सत्तराव्या वर्षी १४२ आणि ऐंशीव्या वर्षी ४१.

आकड्यांची ही ओळ नुसती खाली खाली उतरत जाते, असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. परंतु भागाकार करून पाहिला, की त्या ओळीतून निराळीच गोष्ट बाहेर येते. एक वर्षाच्या मुलांपैकी दहा वर्षांपर्यंत शेकडा ६६ पोहोचतात. दहा वर्षांच्या मुलांपैकी मात्र वीस वर्षांपर्यंत शेकडा ९० मुले पोहोचतात. कारण ६६१ पैकी ५९८ उरलेली असतात. म्हणजे बाळपणातील धोका ओलांडला, की जगण्याचा संभव एकाएकी वाढतो. पुढे तो पुन्हा हळूहळू उतरू लागतो. चाळिशीतून पन्नाशीस शेकडा ७८ जातात, साठीतून सत्तरीस ५९, आणि सत्तरीतून ऐंशीस फक्त २९.

आता दुसऱ्या बाजूने पाहावे. साठ वर्षे पुरी करण्याचा संभव किती? एक वर्षाच्या मुलास शेकडा २४. दहा वर्षांच्या मुलास सुमारे ३७. चाळीस वर्षांच्या माणसास ५४. आणि पन्नाशीच्या माणसास ७०. ठिकाण तेच, साठाव्या वर्षाचे. पण जो जो त्याच्या जवळ जावे, तो तो तेथे पोहोचण्याची आशा बळावत जाते. वाटेवरचे धोके मागे पडलेले असतात ना! पुढच्या दहा वर्षांचा भरवसा वयाबरोबर घटत असतो, आणि त्याच वेळी ठरावीक वयापर्यंत जाण्याचा भरवसा वाढत असतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. प्रथम ऐकताना मन जरा गोंधळते, पण कागदावर भागाकार मांडला की गोंधळ उरत नाही.

कोष्टकाची एक मर्यादाही हॅलेच्या काळापासून जाणत्यांना ठाऊक आहे. हजार माणसांपैकी कितीजण उरतील, हे ते सांगते. कोण उरेल, हे सांगत नाही. नाते गावच्या एका बाळाविषयी ते मूकच राहिले असते.

ते बाळ वाढले. रोह्याचे प्रारंभीचे शिक्षण आटोपून चिंतामण मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात आला आणि १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिला आला. संस्कृतसाठी असलेली मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यानेच पटकाविली. पुढे चिंतामणराव विलायतेस गेले. केंब्रिज येथील जीझस महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूस्तरशास्त्र यांचे अध्ययन केले. १९१७ साली ते पदवीधर झाले आणि वनस्पतिशास्त्रातील फ्रँक स्मार्ट पारितोषिक त्यांना मिळाले. १९१८ मध्ये लंडनला झालेल्या आय. सी. एस. परीक्षेत ते पहिले आले. त्यानंतरची सुमारे वीस वर्षे मध्यप्रांत व वऱ्हाड येथे महसूल आणि वित्त खात्यांच्या कारभारात गेली. संस्कृत काव्याचे वेड आणि झाडाझुडपांची आवड ही दोन्ही त्यांना जन्मभर पुरली. अशा माणसाचे नाव लोकांच्या स्मरणात राहिले ते मात्र पैशाच्या कारभारासाठी, हा एक योगच म्हणावयाचा.

१९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले. १९४१ च्या अखेरीस उपगव्हर्नर झाले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी त्या बँकेचे गव्हर्नर झाले. या जागेवर बसणारे ते पहिले भारतीय होत. महायुद्धाचा काळ, महागाई, त्यानंतर देशाची फाळणी आणि तिच्याबरोबर बँकेच्या मालमत्तेचीही वाटणी, अशा वादळातून त्यांनी बँकेचे तारू सुखरूप नेले. १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे जगातील राष्ट्रांची अर्थपरिषद भरली, तिला भारताचे एक प्रतिनिधी म्हणून ते हजर होते. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँक सरकारच्या मालकीची झाली, तेव्हाही तिची सूत्रे त्यांच्याच हाती होती.

याच सुमारास त्यांचा संबंध कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेशी जडला. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी स्थापन केलेल्या या संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी १९४५ पासून जवळजवळ वीस वर्षे सांभाळले. देशाचा कारभार अटकळीने चालत नाही, त्यासाठी माणसे, पिके, घरे, उत्पन्न यांची मोजदाद हवी, असे त्या संस्थेतील मंडळींचे मत होते. १९५० च्या जून महिन्यात पंडित नेहरूंनी चिंतामणरावांना वित्तमंत्री केले आणि त्याच साली गावोगाव फिरून माहिती गोळा करणारी राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत चिंतामणराव आपल्या कुलाबा जिल्ह्यातूनच लोकसभेवर निवडून आले.

वित्तमंत्र्यापुढे असलेल्या अनेक प्रश्नांत आयुर्विम्याचा प्रश्न फार दिवस कुजत पडलेला होता. तो समजण्यासाठी पुन्हा एकदा आयुष्याच्या कोष्टकाकडे वळले पाहिजे.

समजा, एकाच वयाच्या हजार तरुणांनी ठरविले, की या वर्षात आपल्यातील जो मरेल त्याच्या घरी एक हजार रुपये द्यावयाचे. कोष्टक सांगते, की या वयाच्या हजारांत वर्षाकाठी दहाजण मरतात. म्हणजे दहा हजार रुपये हवेत. प्रत्येकाने दहा रुपये दिले की झाले. परंतु हीच माणसे म्हातारी झाली, की हजारांत तीस मरू लागतात, पुढे पन्नास मरू लागतात. मग वर्गणी तीस रुपये, पन्नास रुपये अशी वाढत जाणार. आणि नेमके त्याच वेळी माणसाची कमाई आटलेली असणार. यावर विमागणित जाणणाऱ्यांनी एक उपाय शोधला. आरंभापासून अखेरपर्यंत हप्ता एकच ठेवावयाचा, समजा वीस रुपये. तरुणपणी लागतात दहा, पण भरावयाचे वीस. उरलेले दहा व्याजी लावून जपून ठेवावयाचे. उतारवयात जेव्हा वीस रुपये अपुरे पडतील, तेव्हा ही शिल्लक उपयोगी पडावयाची.

यातील मर्म शिल्लक या शब्दात आहे. विमा कंपनीच्या तिजोरीत जो पैशाचा ढीग दिसतो, तो तिचा नफा नव्हे. पुढे जे मरणार आहेत त्यांच्या मुलाबाळांची ती ठेव असते. आज जिवंत आणि धट्टाकट्टा असलेला विमेदार आपल्या वृद्धपणीचा धोका आजच भरून ठेवीत असतो. जगण्याचा संभव काळाबरोबर बदलतो म्हणूनच ही ठेव निर्माण होते. तो कधीच बदलला नसता, तर शिल्लक ठेवण्याचे कारणच पडले नसते.

आपल्या देशात विम्याची पहिली कंपनी १८१८ साली कलकत्त्यात निघाली. पण तिचा डोळा मुख्यतः येथे राहणाऱ्या युरोपियनांवर होता. भारतीय माणसाने विमा उतरावयाचे म्हटले, तर त्याला अधिक हप्ता पडे. आमच्या आयुष्याचा भरवसा कमी, असे कारण सांगण्यात येई. बाळपणीच्या मृत्यूंनी सरासरी खाली ओढली जाते हे खरे. पण विमा उतरणारा मनुष्य तान्हे बाळ नसतो, तो पंचविशी-तिशी गाठलेला असतो, हे वर आपण पाहिलेच आहे. तरीही नोकरीपेशाच्या धडधाकट भारतीयाकडून जादा रक्कम घेतली जात होती. १८७० साली मुंबईत निघालेल्या बॉम्बे म्युच्युअल या संस्थेने भारतीयांचे विमे सर्वसाधारण दराने घेण्यास सुरुवात केली. भारतीयांच्या आयुष्याची स्वतंत्र कोष्टकेही हळूहळू तयार झाली. १८८१ पासूनच्या खानेसुमाऱ्यांवरून हार्डी नावाच्या विमागणित्याने काही कोष्टके रचली. ते काम सोपे नव्हते. जन्ममृत्यूच्या नोंदी अपुऱ्या होत्या आणि वय विचारले, की लोक वीस, तीस, चाळीस असे गोल आकडे सांगत. पुढे मुंबईच्या ओरिएंटल कंपनीने १९२५ ते १९३५ या वर्षांतील आपल्याच विमेदारांच्या अनुभवावरून एक कोष्टक केले. ते पुष्कळ वर्षे या देशात प्रमाण मानले गेले.

गणित असे सुधारत होते, परंतु तिजोरी सांभाळणारे हात सर्वच ठिकाणी स्वच्छ नव्हते. काही कंपन्यांच्या चालकांनी विमेदारांची ठेव म्हणजे आपल्या इतर धंद्यांचे भांडवल, असे मानले. काहींनी ती सट्ट्यात घातली. विम्याचा पैसा बुडाला तरी तो लगेच दिसत नाही, हेच या व्यवहारातील भय आहे. आज ठेवलेली शिल्लक वीस वर्षांनी लागावयाची असते. तोवर नवे हप्ते येत राहतात आणि जुनी भोके झाकली जातात. १९४५ ते १९५५ या दहा वर्षांत २५ कंपन्या दिवाळ्यात निघाल्या. आणखी २५ कंपन्यांनी आपला निधी इतका उधळला होता, की त्यांचे व्यवहार दुसऱ्यांकडे सोपवावे लागले आणि त्यात विमेदारांचेच नुकसान झाले.

नुकसान या शब्दाने त्या घरांची स्थिती डोळ्यांपुढे येत नाही. पोलादपुरासारख्या लहान गावी राहणारा एखादा शिक्षक मनात आणावा. तो दर तिमाहीस पगारातून हप्त्याचे पैसे बाजूस काढतो. त्यासाठी घरात दूध कमी येते, सणाचे लुगडे पुढच्या वर्षावर जाते. पंधरा वर्षांनी तो तापाने दगावतो. विधवा पत्नी विमापत्र घेऊन मुंबईस पत्र लिहिते आणि कंपनीच दिवाळ्यात निघाल्याचे उत्तर येते. कोष्टकातील आकडा चुकलेला नसतो. हजारांत जितके मरावयाचे तितकेच मेलेले असतात. हिशेब बरोबर, हप्ते वेळेवर, आणि तरीही घर उघडे पडते.

चिंतामणरावांनी या प्रश्नाचा शेवट करण्याचे ठरविले. आयुर्विम्याचा सगळा धंदा राष्ट्राच्या ताब्यात घ्यावयाचा, असा निर्णय झाला. पण तो अमलात येईपर्यंत गुप्त राखणे अत्यंत आवश्यक होते. बातमी आधी फुटली असती, तर ज्यांच्या मनात पाप होते त्यांनी उरलासुरला पैसाही रातोरात हलविला असता. म्हणून अगदी मोजक्या माणसांनी मिळून सारी योजना आखली. १९ जानेवारी १९५६ रोजी राष्ट्रपतींचा वटहुकूम निघाला आणि त्या रात्री चिंतामणरावांनी आकाशवाणीवरून देशाला ही वार्ता सांगितली. भारतीय कंपन्या १५४, परदेशी १६ आणि लहान भविष्यनिर्वाह संस्था ७५, मिळून २४५ संस्थांचा कारभार सरकारने आपल्या हाती घेतला. सरकारने नेमलेले अधिकारी त्यांच्या कचेऱ्यांत दाखल झाले. जूनमध्ये संसदेने कायदा केला आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी भारतीय आयुर्विमा महामंडळ जन्मास आले. सरकारचे भांडवल पाच कोटी रुपयांचे. पाच विभागीय कचेऱ्या, ३३ मंडल कार्यालये आणि २१२ शाखा, एवढ्यावर त्याचा संसार सुरू झाला.

या निर्णयावर टीकाही पुष्कळ झाली. सर्वच कंपन्या लबाड नव्हत्या. कित्येकांनी उत्तम कारभार केला होता आणि एकाच्या पापासाठी दुसऱ्यास शिक्षा का, असा त्यांचा प्रश्न होता. तो अगदीच गैरवाजवी होता, असे म्हणता येणार नाही. सरकारी कारभार सुस्त होईल, अशीही भीती होती. १९९९ च्या कायद्याने हा धंदा खाजगी कंपन्यांना पुन्हा मोकळा झाला, तो असल्याच विचारांतून. परंतु तोवर विमेदारांच्या ठेवीचा कडक हिशेब घेणारी नियामक यंत्रणा उभी राहिली होती. १९५६ साली बुडणाऱ्या घरांना वाट पाहावयास लावणे चिंतामणरावांना बरे वाटले नाही.

अनेक लहान मडकी एका मोठ्या रांजणात ओतल्याचा आणखी एक लाभ झाला. कोष्टक खरे ठरण्यासाठी दोन गोष्टी लागतात: माणसे पुष्कळ हवीत आणि ती दूरवर विखुरलेली हवीत. एकाच खोऱ्यातील शे-दोनशे घरांनी आपापसांत विमा काढला, तर एका रात्रीत त्यांचा निधी संपू शकतो. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे मातीखाली गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. खुद्द महाड शहर सावित्रीच्या पुरात बुडाले होते. असे मृत्यू एकामागून एक येत नाहीत, एकदम येतात. त्यांना कोष्टकातील शांत उतरण ठाऊक नसते. निधी साऱ्या देशाचा असेल, तरच एका खोऱ्याचा असा घाव तो सोसू शकतो.

महामंडळ स्थापन झाले त्या दिवशी चिंतामणराव मात्र वित्तमंत्री नव्हते. मुंबई शहर महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या अमलाखाली ठेवण्याचा घाट घातला गेला होता. १९५६ च्या जानेवारीत मुंबईत पोलिसांच्या गोळीबारात अनेक लोक मारले गेले आणि त्या प्रकाराची न्यायालयीन चौकशी व्हावी, ही मागणीही मान्य झाली नाही. ज्या महिन्यात विम्याचा वटहुकूम निघाला, तो हाच महिना. कुलाब्याच्या लोकांनी आपल्याला निवडून दिले आहे, हे चिंतामणराव विसरले नव्हते. त्यांनी राजीनामा दिला आणि जुलै महिन्यात मंत्रिमंडळ सोडले. सभोवार भाषणे आणि मोर्चे यांची गर्दी असताना, अधिकारपद सोडण्याची ही कृती महाराष्ट्राच्या मनात खोल रुजली.

त्यानंतर विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्षपद आणि १९६२ ते १९६७ या काळात दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी सांभाळले. १९५९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि १९७५ साली पद्मविभूषण. १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूकही त्यांनी लढविली. तीत त्यांना यश आले नाही. कालिदासाच्या मेघदूताचे मराठी पद्यरूपांतर त्यांनी केले आणि गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत गुंफली. त्यांच्या प्रथम पत्नी रोझिना १९४९ साली वारल्या होत्या. १९५३ साली त्यांचा विवाह दुर्गाबाईंशी झाला. दुर्गाबाई देशमुख या स्वतःच एक थोर समाजसेविका होत्या. केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा.

दरम्यान आयुष्याची कोष्टके पुन्हा पुन्हा नवी करावी लागत होती. १९५१ च्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षे होते. आता ते ७० च्या घरात आले आहे. देवीचा रोग नाहीसा झाला, हिवताप पुष्कळ आटोक्यात आला, लस आणि स्वच्छ पाणी दूरच्या वाड्यांपर्यंत जाऊ लागले. सर्वांत मोठा फरक पडला तो कोष्टकाच्या पहिल्या ओळींत, पाळण्यातील बाळांच्या ओळींत. जुन्या कोष्टकावर हप्ते आकारीत राहणे म्हणजे आजच्या माणसाकडून कालच्या मृत्यूंची किंमत घेणे होय. म्हणून महामंडळाने १९७० ते १९७३ या वर्षांतील आपल्या विमेदारांच्या अनुभवावरून नवे कोष्टक रचले आणि त्यानंतरही ते अनेक वेळा बदलण्यात आले.

उतारवयात चिंतामणराव हैदराबादेस राहत. दुर्गाबाई १९८१ च्या मे महिन्यात निवर्तल्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, चिंतामणरावांनीही तेथेच देह ठेवला. हॅलेच्या कोष्टकातील वर्षवार आकडे ८४ व्या वर्षापाशी संपतात. तेथे हजारांपैकी वीसजण उरलेले असतात. ज्या जिल्ह्यात चिंतामणराव जन्मले आणि ज्याने त्यांना लोकसभेवर पाठविले, त्या कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ साली बदलून, नात्याहून दिसणाऱ्या त्या गडावरून, रायगड असे ठेवण्यात आले होते.